आधी इंजेक्शन, मग फोन

तुम्ही दुसरीच्या वर्गाला शिकवता. यंदा वर्गात सात वर्षांचा एक मुलगा आलाय, त्याला शेंगदाणा आणि गाईच्या दुधाची तीव्र ॲलर्जी आहे. आईवडिलांनी पहिल्याच दिवशी ॲड्रेनलिनची दोन पेनं (पेनासारखं दिसणारं तयार इंजेक्शन), खाजेवरच्या औषधाची बाटली आणि डॉक्टरांनी भरून दिलेला ॲक्शन प्लॅन, म्हणजे त्रास झाला तर काय करायचं याचा कागद, आणून दिला. मुख्याध्यापकांनी ते सगळं ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद केलं आणि बजावलं, "काही झालंच तर आधी पालकांना फोन करा." तुम्ही विचारताय की प्रकरण गंभीर आहे हे ओळखायचं कसं, उगाचच इंजेक्शन दिलं गेलं तर काय, आणि वर्गात शेंगदाण्याला सरळ बंदीच घालावी का.

मी लहान मुलांच्या ॲलर्जीचा डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं शाळाशाळांतून शिक्षकांना ही पेनं वापरायला शिकवतोय. लक्षणांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. पण ती यादी तोंडपाठ असलेली माणसंसुद्धा ऐनवेळी थबकलेली मी पाहिली आहेत. खरी अडचण ओळखण्याची कमी आणि ठरवण्याची जास्त असते. समोर पोर खोकतंय, वर्गात एकोणचाळीस जणांचा गोंगाट, आणि सुई टोचायची की नाही हे तुम्ही एकटीने दोन मिनिटांत ठरवायचं. म्हणून तो निर्णय आजच, शांतपणे, कागदावर घेऊन ठेवायचा. त्या दिवशी तुम्ही फक्त तो अमलात आणायचा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करतो. त्या मुलाच्या डॉक्टरांनी भरलेला प्लॅन माझ्या उत्तरापेक्षा मोठा. दोन्हींत फरक दिसला तर प्लॅनप्रमाणे वागा आणि फरक का, ते त्यांना विचारा. शिक्षकाने इंजेक्शन द्यावं की नाही याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेव्हा तुमच्याकडचा नियम आणि पालकांची लेखी संमती दोन्ही फाइलला असू द्या. रुग्णवाहिका दहा मिनिटांत येते की पाऊण तासाने, यावरही काही गोष्टी ठरतात.

आता शरीरात काय होतं ते थोडक्यात, कारण ते कळलं की बाकीचं लक्षात ठेवावं लागत नाही. शरीर एखाद्या अन्नातल्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) तयार करतं. ती मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन पोटात गेलं की या पेशी फुटल्यासारख्या मोकळ्या होतात आणि हिस्टामिनसह बरीच रसायनं एकदम रक्तात सोडतात. त्वचेवर गांधी उठतात, ओठ सुजतात, आतडी पिळवटतात. यातलं सगळ्यात वाईट दोन ठिकाणी घडतं. श्वासमार्ग सुजून आकसतो, आणि रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात, त्यामुळे रक्तदाब कोसळतो. याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ॲड्रेनलिन या दोन्ही ठिकाणी उलटं काम करतं. रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं, शिवाय मास्ट पेशींची गळतीही कमी करतं. खाजेवरचं औषध फक्त हिस्टामिनला अडवतं, आणि पोटातून घेतलं तर परिणाम दिसायला अर्धा-एक तास जातो. श्वास अडकलेल्या मुलाला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

ॲनाफिलॅक्सिस हा शब्द १९०२ सालचा. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ कुत्र्यांना समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोनी या सागरी प्राण्याच्या) विषाची थोडी मात्रा देत होते. त्याने संरक्षण मिळेल अशी त्यांची अपेक्षा. काही आठवड्यांनी पुन्हा थोडीशीच मात्रा दिली, तर पहिल्या वेळी धडधाकट राहिलेला कुत्रा अर्ध्या तासाच्या आत मेला. रिशेंना पुढे १९१३ साली या कामाबद्दल नोबेल मिळालं. मला हा प्रसंग आठवतो तो पालक "मागच्या वेळी नुसते ओठ सुजले होते" असं म्हणतात तेव्हा. मागची वेळ सौम्य होती यावरून पुढची कशी जाईल हे सांगता येत नाही.

आता ओळखण्याकडे येतो. सात वर्षांचं मूल "माझा घसा सुजतोय" असं म्हणत नाही. ते म्हणतं, "जिभेवर केस आलाय." "तोंडात मुंग्या चावतायत." "घशात काहीतरी बसलंय." काही मुलं बोलतच नाहीत, दातांनी जीभ खरवडतात, कानात बोट घालून खाजवतात, किंवा सारखं खाकरतात. एका बालवाडीतल्या बाईंनी मला सांगितलेलं अजून लक्षात आहे. मुलगी सारखी जीभ बाहेर काढून बाहीला पुसत होती, आणि बाई तिला "असं नाही करायचं" म्हणून दटावत होत्या. तिसऱ्यांदा दटावताना त्यांच्या लक्षात आलं की तिचा आवाज बदललाय.

आवाजाकडे लक्ष द्या, म्हणून मी प्रत्येक शाळेत सांगतो. घोगरा झाला, बारीक झाला, गिळताना त्रास होतोय, लाळ गळतेय, थांबत नाही असा कोरडा खोकला लागलाय किंवा छातीतून शिटीसारखा आवाज येतोय, म्हणजे श्वासमार्गात गडबड सुरू झाली. रक्तदाबाची लक्षणं शांत असतात आणि म्हणून निसटतात. मूल पांढरंफटक पडतं, गार लागतं, "चक्कर येतेय" म्हणतं, बाकावर डोकं टेकतं, एकदम गप्प होतं. दंगेखोर पोर मधल्या सुट्टीनंतर कोपऱ्यात पेंगताना दिसलं तर त्याला झोपू देऊ नका. मोठी मुलं कधीकधी म्हणतात, "मला काहीतरी भयंकर होणार असं वाटतंय." तेही लक्षणच आहे, घाबरटपणा समजू नका.

इथे आपली भाषाही थोडा घात करते. अंगावर गांधी उठल्या की आपण "पित्त उठलं" म्हणतो, आणि तो शब्द उच्चारल्याबरोबर डोक्यातली काळजी निम्मी होते. पित्तच ना, बसेल तासाभरात. दुसरा शब्द "ॲलर्जी". नावडत्या भाजीपासून नावडत्या माणसापर्यंत सगळ्याचीच आपल्याला ॲलर्जी असते. त्यामुळे ज्या मुलाला ती खरोखर आहे त्याच्याबद्दल सांगितलं तरी ऐकणाऱ्याला नखरे वाटतात. (दूध पचत नाही म्हणून पोट फुगणारी मुलं वेगळी. त्यांना दुधातली साखर पचत नाही, त्रास होतो, पण जीव जात नाही. कागदावर यातलं नेमकं काय लिहिलंय ते पाहून घ्या.)

उलटी चूकही तितकीच होते. अंगावर काहीच नाही, म्हणजे ॲलर्जी नाही, असं लोक धरून चालतात. ॲनाफिलॅक्सिसच्या दहांतल्या एक-दोन रुग्णांमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही, आणि त्यांच्याच बाबतीत उशीर होतो.

तर निर्णयाची रेघ कुठे ओढायची? मी शिक्षकांना असं सांगतो. ज्याला ॲलर्जी आहे हे माहीत आहे, त्याने काही खाल्ल्यावर काही मिनिटांपासून साधारण दोन तासांच्या आत श्वास, आवाज, घसा किंवा शुद्ध यांतलं काहीही बिघडलं, तर एवढ्यावरच इंजेक्शन. दुसऱ्या कशाची वाट पाहू नका. शरीराच्या दोन वेगळ्या ठिकाणी एकदम त्रास सुरू झाला, म्हणजे अंगभर गांधी आणि सोबत उलट्या, तरी इंजेक्शन. ओठांना नुसती झिणझिण, तोंडाभोवती चारदोन गांधी, एवढंच असेल तर प्लॅनमध्ये लिहिलेलं खाजेचं औषध द्या. पण मुलाजवळून हलू नका, आणि पेन हाताशी आणून ठेवा. सौम्य दिसणारी सुरुवात पाच मिनिटांत रंग बदलू शकते. दम्याचं मूल असेल तर रेघ आणखी अलीकडे ओढा, कारण अन्नाच्या ॲलर्जीने दगावलेल्या मुलांत दमा असलेली मुलं पुन्हापुन्हा दिसतात. अशा मुलाला अचानक धाप लागली आणि दमा की ॲलर्जी हे कळेना, तर आधी ॲड्रेनलिन, मग दम्याचा पंप.

उगाच दिलं गेलं तर, हा तुमचा दुसरा प्रश्न. मूल थरथरेल, छातीत धडधडेल, चेहरा उतरेल, कदाचित रडेल. दहावीस मिनिटांत बहुतेक ओसरतं. ठरलेल्या मात्रेचं इंजेक्शन मांडीत दिल्याने एरवी निरोगी असलेल्या मुलाला गंभीर इजा होणं फार दुर्मीळ आहे. उशिरा दिल्याचे परिणाम मात्र मी अतिदक्षता विभागात पाहिलेत. तेव्हा शंका आली की द्या. नंतर साधी उलटी निघाली तर तुम्हाला ओशाळं वाटेल, मला आनंद वाटेल.

देण्याची पद्धत पेनावरच छापलेली असते, तरी दोन चुका सांगतो. पहिली, पेन उलटं धरणं. टोकावर अंगठा ठेवून जोरात दाबलं आणि सुई स्वतःच्याच अंगठ्यात गेली, हे डॉक्टरांच्या बाबतीतही होतं. पेन मुठीत धरायचं, अंगठा कोणत्याही टोकावर ठेवायचा नाही. (गेलीच सुई अंगठ्यात, तर मुलासाठी दुसरं पेन वापरा आणि स्वतःही दवाखान्यात जा.) दुसरी, पाय मोकळा सोडणं. मुलाने झटका दिला की सुई मांडीत असतानाच कातडी फाटते. पाय घट्ट धरून ठेवा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, गरज पडली तर कपड्यावरूनच. किती सेकंद दाबून ठेवायचं ते पेनागणिक बदलतं, कुठे ३, कुठे १०. तुमच्या पेनावर काय लिहिलंय ते आजच वाचा. मात्रा वजनाच्या हिशेबाने, किलोमागे ०.०१ मिलीग्रॅम. पेनं मात्र ठरावीक मापातच येतात. साधारण १५ ते ३० किलोच्या मुलांसाठी ०.१५ मिलीग्रॅमचं आणि त्याहून जड मुलांसाठी ०.३ चं. मुलं वाढतात, पेनं वाढत नाहीत, म्हणून दर वर्षी पालकांना वजन विचारायचं. पेन मिळत नसेल तिथे डॉक्टर कुपी आणि सिरिंज देतात. पण घाबरलेल्या माणसाने कुपी फोडून ०.२ मिलीलिटर मोजून भरणं सोपं नाही, त्याची वेगळी तालीम लागते.

इंजेक्शन दिलं की मुलाला जिथे असेल तिथेच आडवं करा, पाय उंच. धाप लागली असेल तर बसवा, पण पाय पुढे पसरलेले. उलटी होत असेल तर कुशीवर. आणि त्याला चालवत कुठेही नेऊ नका. यावर मी जरा अडून बसतो, कारण मला एक मुलगा आठवतो. इंजेक्शन वेळेवर मिळालेलं, रंग परत आलेला, "बरं वाटतंय" म्हणाला. तेवढ्यात रुग्णवाहिका फाटकाशी आली म्हणून कुणीतरी त्याला हात धरून उठवलं. चौथ्या पावलाला तो खाली कोसळला. सैल पडलेल्या रक्तवाहिन्यांमुळे उभं राहताच रक्त पायांत उतरतं, हृदयाकडे परतायला पुरेसं उरत नाही. तो वाचला, कारण दुसरं पेन सोबत होतं. स्ट्रेचर मुलाकडे येतं, मूल स्ट्रेचरकडे जात नाही.

पाच मिनिटांत फरक दिसला नाही किंवा त्रास वाढला, तर दुसरं पेन दुसऱ्या मांडीत. यासाठीच दोन दिलेली असतात. पहिलं दिल्याची वेळ कुणाला तरी लिहून ठेवायला सांगा. घाईत पाच मिनिटं आणि पंधरा मिनिटं सारखीच वाटतात.

आता फोन. ब्रिटनमधल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंचा डॉ. पम्फ्री यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. अन्नाच्या ॲलर्जीत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यकाल होता ३० मिनिटं. म्हणजे निम्म्या जणांना त्याहूनही कमी वेळ मिळाला. त्यातली दहा मिनिटं आईचा फोन लागतोय का बघण्यात, पाच मिनिटं तिला समजावण्यात, आणि मग ती म्हणणार, "मी येतेच, तोवर काही करू नका." आईची चूक नाही, घाबरलेली आई असंच म्हणेल. तिची परवानगी तुम्हाला प्लॅनवरच्या सहीने आधीच मिळालेली आहे. म्हणून क्रम असा: इंजेक्शन, रुग्णवाहिका, मग पालक. वर्गात दुसरं मोठं माणूस असेल तर तुम्ही टोचत असताना त्याने रुग्णवाहिकेला फोन लावायचा आणि "ॲनाफिलॅक्सिस" हाच शब्द वापरायचा. नुसतं "ॲलर्जी झालीय" म्हटलं तर समोरचाही पित्तच समजेल. मूल खेळायला लागलं तरी दवाखान्यात जायचंच. ॲड्रेनलिनचा जोर लवकर उतरतो, आणि काहींना काही तासांनी दुसरी लाट येते, म्हणून तिथे किमान चारसहा तास, कधी जास्त, देखरेखीखाली ठेवतात.

कुलपाबद्दल. एका शाळेत प्रशिक्षण संपल्यावर मी म्हटलं, समजा आत्ता पाचवीच्या वर्गात झालं, आणा पेन. घड्याळ लावलं. शिपाई धावले. ऑफिस उघडं होतं, कपाटाला कुलूप. किल्ली कारकुनांकडे, कारकून बँकेत गेलेले. दुसरा जुडगा सापडला, त्यात वीसेक किल्ल्या, एकीवरही चिठ्ठी नाही. पेन वर्गात पोचलं तेव्हा सहा मिनिटं चाळीस सेकंद झाली होती, आणि ते पेन मुदत उलटून गेलेलं निघालं. कुणीच निष्काळजी नव्हतं. उलट "औषध आहे, सांभाळून ठेवू" म्हणूनच कुलूप लावलं होतं. पेन मुलांच्या हाताला लागणार नाही इतकं उंच पण कुलपाशिवाय ठेवा, शक्यतो वर्गातच, मुलाचा फोटो आणि प्लॅन त्याच पिशवीत. फ्रिजमध्ये नको, उन्हाच्या खिडकीत नको, साध्या खोलीच्या तापमानाला. काचेतून औषध तपकिरी किंवा गढूळ दिसलं तर बदला. मुलगा मैदानावर गेला की पिशवी मैदानावर, सहलीला गेला की पिशवी सहलीला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शाळांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात शाळेने दिलेल्या ॲड्रेनलिनपैकी १९ टक्के वेळा ते शाळेच्या इमारतीबाहेर द्यावं लागलं होतं.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २४ टक्के वेळा त्या व्यक्तीला जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे हे शाळेला माहीतच नव्हतं. म्हणजे कुणाचंच नाव नसलेलं पेनही शाळेत हवं. काही देशांनी ते कायद्याने सोपं केलंय. अमेरिकेत २०१३ साली शाळांनी असा साठा ठेवावा म्हणून केंद्रीय कायदा झाला, ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१७ पासून शाळा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेनं विकत घेऊ शकतात. २०२४ साली अमेरिकेत ॲड्रेनलिनचा नाकात मारायचा फवाराही मंजूर झाला. सुईची धास्ती ज्यांना आहे त्यांच्यासाठी पुढे तो कामाचा ठरेल.

राहिली बंदी. माझं मत तिच्या विरुद्ध झुकतं, पण हट्ट नाही. शेंगदाणा बंद कराल, दूध कसं बंद करणार? आणि बंदी आहे म्हटल्यावर सगळे निर्धास्त होतात, पेन कुठे आहे हे विचारायचंही सोडून देतात. वासाची भीती अनाठायी असते. तीव्र ॲलर्जी असलेल्या ३० मुलांना पीनट बटरचा वास दिला, कातडीला थोडं लावून पाहिलं, एकालाही अंगभर प्रतिक्रिया आली नाही, असा २००३ सालचा अभ्यास आहे. (दूध किंवा मासे शिजतानाची वाफ श्वासात जाणं वेगळं, ते टाळावं.) धोका पोटात जाण्याचा आहे. तेव्हा डबा वाटून खायचा नाही हा नियम सगळ्या वर्गाला, त्या एकट्याला नाही. खाल्ल्यावर हात साबणाने. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याचं प्रथिन हातावरच राहतं. वाढदिवसाचा खाऊ येणार असेल तर आदल्या दिवशी त्याच्या आईला कळवा, म्हणजे त्याचा खाऊ त्याच्या डब्यातून येईल. चित्रकलेचं, हस्तकलेचं सामानही एकदा नजरेखालून घाला, रिकामी खोकी आणि पाकिटं तिथे फिरत असतात. त्याला वेगळ्या बाकावर बसवू नका. त्याच्या शेजारी कुणी काय खायचं ते ठरवा. आणि कुणी गंमत म्हणून शेंगदाणा घेऊन त्याच्या मागे लागलं, तर ती गंमत समजू नका. हे होतं, आणि त्याबद्दल मुलं घरी क्वचितच सांगतात.

मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा हे सगळं ऐकवत बसू नका. कुणालाही आपली चूक व्याख्यान स्वरूपात ऐकायला आवडत नाही. मोबाइलमधलं घड्याळ लावा आणि म्हणा, "सर, तुमच्या खोलीतून निघू, पेन घेऊ आणि माझ्या वर्गात पोचू. किती वेळ लागतो ते एकदा बघू या का?"